फुटबॉल सामन्यात भेदभाव झाला तर: तयारीपासून निर्णयापर्यंतचा क्रम

मिरजेतील एका साखळी स्पर्धेत मी चौथा पंच, म्हणजे मैदानाबाहेर थांबून रेफ्रीला मदत करणारा पंच, म्हणून काम करीत होतो. उत्तरार्धात एका संघाचा गोलरक्षक सतत गोलरेषेपासून दहा-बारा पावले पुढे उभा राहत होता. पाण्याची बाटलीसुद्धा त्याने गोलखांबाशेजारून उचलून पार पेनल्टी क्षेत्राच्या कोपऱ्यावर आणून ठेवली होती. पुढे त्याच्या डोक्यावरून गेलेल्या चेंडूवर गोल झाला आणि त्याच्याच प्रशिक्षकाने त्याला सर्वांदेखत झापले. गोलमागे बसलेली पंधरा-वीस माणसे मध्यंतरापासून त्याच्या जातीवरून शेरेबाजी करीत होती, हे मला सामना संपल्यावर कळले. रात्री तक्रार आली तेव्हा आयोजकांपैकी एक ज्येष्ठ म्हणाले, “खेळात एवढं चालतंय की! दोघं हात मिळवा आणि विषय संपवा.” हात मिळवले गेले. अहवालात “सामना शांततेत पार पडला” असे लिहिले गेले आणि त्या अहवालावर माझीही सही आहे.

त्यानंतर सांगली, मिरज, इस्लामपूर, कराड आणि साताऱ्यातील अनेक आयोजकांशी या विषयावर बोलणे झाले. बहुतेकांची इच्छा चांगली असते. चुकतो तो क्रम. नियम आधी लिहिलेले नसतात, त्यामुळे घटना घडली की मैदानातच वाद सुरू होतो. वाद नको म्हणून समेट आधी घडवला जातो, नोंद राहून जाते आणि नोंद नसल्यामुळे पुढच्या सामन्यात तीच माणसे त्याच जागी येऊन बसतात. व्यावसायिक फुटबॉलमध्ये यासाठी ठरलेली पद्धत आहे. ती आपल्या जिल्हा पातळीवरच्या, मानधनावर खेळाडू बोलावणाऱ्या स्पर्धांना कशी लावायची, ते पुढे टप्प्याटप्प्याने दिले आहे. टप्प्यांची अदलाबदल करू नये.

टप्पा १: स्पर्धेच्या नियमपत्रकात स्पष्ट कलम लिहिणे (किमान एक महिना आधी)

आपल्या बहुतेक नियमपत्रकांत “गैरवर्तन केल्यास योग्य ती कारवाई केली जाईल” असे एक वाक्य असते. ते निरुपयोगी आहे, कारण गैरवर्तन म्हणजे काय आणि कारवाई कोणती, हे दोन्ही प्रश्न त्यात मोकळे राहतात. पत्रकात चार गोष्टी स्वतंत्रपणे यायला हव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे भेदभावाचे आधार. फिफाच्या घटनेत वंश, त्वचेचा रंग, वांशिक, राष्ट्रीय किंवा सामाजिक मूळ, लिंग, अपंगत्व, भाषा, धर्म, राजकीय मत, संपत्ती, जन्म आणि लैंगिक कल अशी यादी आहे. ती जशीच्या तशी उतरवून थांबू नये. “सामाजिक मूळ” आणि “जन्म” या शब्दांत जात येते हे वकिलाला कळेल. सामन्याला आलेल्या पोरांना कळणार नाही. म्हणून “जात” हा शब्द सरळ लिहावा. आपला भाग सीमेलगतचा आहे. जत तालुक्यातून, कागवाड-अथणीकडून कानडी बोलणारे खेळाडू येतात आणि त्यांच्या बोलण्याची नक्कल करणे हा आपल्याकडे विनोद समजला जातो, म्हणून “भाषा आणि बोली” असेही लिहावे. मुस्लिम खेळाडूला शेजारच्या देशाच्या नावाने हाक मारणे, ईशान्येकडील खेळाडूच्या डोळ्यांवरून किंवा सावळ्या खेळाडूच्या रंगावरून टोपणनाव ठेवणे, एखाद्याच्या चालण्या-बोलण्यावरून त्याच्या पुरुषपणाची टिंगल करणे, ही उदाहरणे नमूद केली तर पुढे “आम्हाला माहीत नव्हते” ही सबब राहत नाही.

दुसरी गोष्ट शिक्षेची. फिफाच्या शिस्तसंहितेत भेदभाव करणाऱ्या व्यक्तीसाठी किमान दहा सामन्यांची किंवा ठरावीक मुदतीची बंदी आहे. आपल्या स्पर्धेत एका संघाच्या वाट्याला जेमतेम चार-पाच सामने येतात, त्यामुळे “दहा सामने” लिहून भागत नाही. उरलेली बंदी कुठे मोजायची हा प्रश्न उभा राहतो. त्यापेक्षा मुदत लिहावी, म्हणजे “या आयोजकांच्या सर्व स्पर्धांतून एक वर्ष” अशी. बंदी प्रशिक्षक, व्यवस्थापक आणि मंडळाचे पदाधिकारी यांनाही लागू असल्याचे वेगळे वाक्य हवे.

तिसरी गोष्ट प्रेक्षकांच्या वर्तनाची. आपल्याकडे संघामागे तालीम किंवा मंडळ असते आणि प्रेक्षक त्या गल्लीचे असतात. समर्थकांच्या भेदभावपूर्ण वर्तनाला संघ जबाबदार राहील आणि गॅलरीचा भाग बंद करणे किंवा पुढचा सामना प्रेक्षकांविना खेळवणे असे निर्णय होऊ शकतील, हे आधीच लिहून त्यावर कर्णधार आणि व्यवस्थापक यांची सही घ्यावी.

चौथी गोष्ट अधिकाराची: सामना थांबवण्याचा, स्थगित करण्याचा आणि रद्द करण्याचा अधिकार रेफ्रीचा असेल व प्रायोजक, उद्घाटक किंवा आयोजक त्यात हस्तक्षेप करणार नाहीत. हे वाक्य वरकरणी साधे दिसते, पण अंतिम सामन्याला मंचावर पाहुणे बसलेले असतात तेव्हा रेफ्रीला आधार असतो तो याच वाक्याचा.

याच टप्प्यात नोंदणी अर्ज तपासावा. अर्जात जात किंवा धर्माचा रकाना नसावा. ओळखीच्या पुराव्यासाठी आधार कार्डाची प्रत घेतली जाते, ती घ्यावी. मात्र अनेक ठिकाणी संपूर्ण संघाच्या कार्डांचे फोटो व्हॉट्सअॅप गटावर टाकले जातात आणि आडनाव, गाव, वडिलांचे नाव यावरून समोरच्या संघाला हवे ते सगळे मिळते. प्रती एका व्यक्तीकडे राहाव्यात आणि गटावर फक्त खेळाडूचे नाव व जर्सी क्रमांक जावा. खेळाडूला कोणत्या नावाने पुकारलेले हवे आहे, यासाठी अर्जात एक ओळ ठेवावी.

तपासा: पोशाखाचे कलम खेळाच्या नियमांशी जुळते का? डोके झाकण्याच्या वस्त्राला परवानगी आहे. ते काळे किंवा जर्सीच्या मुख्य रंगाचे असावे, संघातील असे वस्त्र घालणाऱ्या सर्वांचे एकाच रंगाचे असावे, जर्सीला जोडलेले नसावे आणि धोकादायक नसावे. २०१४ पासून हिजाब व पगडी या दोन्हींसाठी हा मार्ग अधिकृतपणे खुला आहे. मैदानाच्या दारात एखाद्या मुलीला “हे काढून ये” असे सांगणारा स्वयंसेवक नियम मोडत असतो.

टप्पा २: माणसे नेमणे आणि त्यांना शिकवणे

तक्रार कोणाकडे करायची याचे उत्तर “आयोजकांकडे” असे असू नये. तक्रार अधिकारी म्हणून दोन व्यक्तींची नावे ठरवावीत, त्यांपैकी एक स्त्री असावी आणि दोघांपैकी कोणीही सहभागी संघाच्या मंडळाशी किंवा नात्यागोत्याने जोडलेले नसावे. सांगलीसारख्या शहरात अशी माणसे शोधायला वेळ लागतो. निवृत्त शिक्षक, वकील किंवा दुसऱ्या तालुक्यातील क्रीडाशिक्षक बहुधा तयार होतात. त्यांचे फोन क्रमांक प्रवेशद्वारावर, दोन्ही ड्रेसिंग रूममध्ये आणि स्त्रियांच्या स्वच्छतागृहाच्या आतल्या बाजूस लावावेत. फक्त मंचाजवळ फलक लावला तर तो क्रमांक टिपून घेणारा माणूस सर्वांच्या नजरेत येतो.

प्रेक्षकांत बसणारे निरीक्षक वेगळे. प्रत्येक गोलमागे दोघे आणि प्रत्येक लांब बाजूस दोघे पुरतात. त्यांनी कोणाशी भांडायचे नाही, कोणाला हटकायचे नाही. ऐकायचे, वेळ टिपायची आणि चौथ्या पंचाला कळवायचे. माझ्या त्या सामन्यात गोलमागे असे दोघे उभे असते, तर पहिल्या पाच मिनिटांत बातमी रेफ्रीपर्यंत पोहोचली असती. गोलमागची जागा सर्वांत महत्त्वाची आहे, कारण गोलरक्षक हा एकमेव खेळाडू पंचेचाळीस मिनिटे त्याच प्रेक्षकांच्या पुढ्यात, पाठमोरा उभा असतो.

सर्वाधिक तयारी समालोचकाची करून घ्यावी लागते. आपल्या स्पर्धांत माईकवरचा माणूस लोकांना हसवण्यासाठी खेळाडूंच्या रंगावर, उंचीवर, गावावर बोलतो. ते ऐकून प्रेक्षकांना मुभा मिळते. समालोचकाला एकच नियम द्यावा: खेळाडूची ओळख नावाने किंवा जर्सी क्रमांकाने. पंचांनाही तोच नियम. ८ डिसेंबर २०२० रोजी पॅरिसमध्ये पॅरिस सेंट-जर्मेन आणि इस्तंबूल बशाकशेहिर यांच्या चॅम्पियन्स लीग सामन्यात चौथ्या पंचाने बशाकशेहिरच्या सहायक प्रशिक्षकाकडे निर्देश करताना त्याच्या रंगाचा उल्लेख केला. दोन्ही संघ मैदान सोडून गेले आणि सामना दुसऱ्या दिवशी नव्या पंचांसह पूर्ण करावा लागला. त्या ठिकाणी “लाल जॅकेट घातलेले गृहस्थ” एवढे म्हणणे पुरेसे झाले असते.

संघाकडे किंवा आयोजक संस्थेकडे दहा किंवा अधिक कर्मचारी असतील, तर २०१३ च्या कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्यानुसार अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरील स्त्री असते, किमान निम्म्या सदस्य स्त्रिया असतात आणि एक सदस्य संस्थेबाहेरचा असतो. या कायद्याने क्रीडा संस्था, स्टेडियम आणि स्पर्धेचे मैदान यांना स्पष्टपणे कामाचे ठिकाण मानले आहे, त्यामुळे “आमचे काही ऑफिस नाही” हे उत्तर चालत नाही. कर्मचारी दहापेक्षा कमी असतील, तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते; तिचा पत्ता आधीच मिळवून फलकावर लिहावा.

टप्पा ३: मैदानाची तयारी

हा टप्पा एका सकाळी पूर्ण होतो, म्हणूनच बहुधा राहून जातो. स्त्रियांच्या संघासाठी कडी लागणारी स्वतंत्र खोली आणि पाणी असलेले स्वच्छतागृह हवे. “शेजारच्या घरी सोय केली आहे” ही सोय नव्हे. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे प्रमाण एकास बारा धरावे, म्हणजे १५ सेंटिमीटर उंचीच्या पायरीला १.८ मीटर लांबीची फळी लागते. दोन फुटांची फळी टाकली तर मागे दोन माणसे ढकलायला लागतात आणि त्या प्रेक्षकाला पुन्हा यावेसे वाटत नाही. कर्णबधिर खेळाडू असतील तर रेफ्रीने शिट्टीबरोबर झेंडाही वापरावा. रमजानच्या महिन्यात सायंकाळी सामना असेल, तर उपवास सोडण्यासाठी गोलकिकच्या वेळी अर्धा-एक मिनिट थांबावे. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये एप्रिल २०२१ मध्ये लेस्टर आणि क्रिस्टल पॅलेस यांच्या सामन्यात अगदी असेच केले होते.

टप्पा ४: सामन्याआधीची दहा मिनिटे

रेफ्री, दोन्ही कर्णधार, दोन्ही व्यवस्थापक, चौथा पंच आणि समालोचक यांना एकत्र बोलावावे. भाषण करू नये. तीन गोष्टी सांगाव्यात.

एक, खुणेचा वापर. मे २०२४ मध्ये बँकॉकच्या अधिवेशनात फिफाने ठरवलेली खूण म्हणजे दोन्ही हात मनगटांवर एकमेकांवर आडवे धरणे. खेळाडूने ही खूण केली की रेफ्रीने खेळ थांबवण्याची प्रक्रिया सुरू करावी. आपल्या मुलांना ती एकदा करून दाखवायला लावावी, कारण गोंगाटात धावत जाऊन रेफ्रीला सर्व हकिगत सांगणे घाबरलेल्या खेळाडूला जमत नाही.

दोन, कर्णधाराची जबाबदारी. स्वतःच्या समर्थकांकडून शेरेबाजी होत असेल तर त्यांच्या दिशेने जाऊन त्यांना गप्प करणे हे त्याच संघाच्या कर्णधाराचे काम आहे. विरुद्ध कर्णधार गेला तर मारामारी होते.

तीन, नावांचे उच्चार. समालोचकाने दोन्ही याद्या मोठ्याने वाचाव्यात आणि चुकलेले उच्चार तिथेच दुरुस्त करून घ्यावेत.

सावधान: ही बैठक चहाच्या टेबलावर, पाहुण्यांच्या उपस्थितीत घेऊ नये. मी पाहिलेल्या अशा सर्व बैठका सत्कारात विरून गेल्या.

टप्पा ५: घटना घडत असताना

प्रथम एक फरक ओळखावा: शब्द मैदानातील माणसाचे आहेत की प्रेक्षकांचे? दोन्हींचे मार्ग वेगळे आहेत आणि ते मिसळले की रेफ्री अडचणीत येतो.

*मैदानातील व्यक्तीकडून.* अपमानास्पद किंवा शिवीगाळीची भाषा व कृती यांसाठी लाल कार्ड आहे. ताकीद किंवा पिवळे कार्ड नाही. चेंडू खेळात असताना खेळाडूने असा शब्द वापरला आणि रेफ्रीने खेळ थांबवला, तर अप्रत्यक्ष फ्री किकने (जिच्यावर थेट गोल करता येत नाही) खेळ पुन्हा सुरू होतो. बेंचवरून शब्द आला आणि बोलणारा ओळखता आला नाही, तर तांत्रिक क्षेत्रातील (बेंचभोवतीच्या आखलेल्या जागेतील) वरिष्ठ प्रशिक्षकावर कारवाई होते. हा नियम आपल्या बहुतेक प्रशिक्षकांना माहीत नाही, म्हणून तो टप्पा ४ मध्येच ऐकवावा. रेफ्रीने स्वतः ऐकले नसेल, पण सहायक पंचाने किंवा चौथ्या पंचाने ऐकले असेल, तर त्यांच्या सांगण्यावरून कार्ड देता येते. तिघांपैकी कोणीच ऐकले नसेल, तर कार्ड देऊ नये. मात्र तक्रारीची वेळ, मिनिट आणि जर्सी क्रमांक टिपून “ऐकले नाही, तक्रार नोंदवली” असे खेळाडूला सांगावे. “मी ऐकलेच नाही” एवढेच बोलून पाठ फिरवली, तर त्या खेळाडूच्या दृष्टीने दार बंद झालेले असते.

*प्रेक्षकांकडून.* येथे तीन पायऱ्यांची पद्धत लागू होते. थांबवणे, स्थगित करणे, रद्द करणे, याच क्रमाने.

पहिली पायरी: रेफ्री खेळ थांबवतो आणि माईकवरून घोषणा होते. घोषणा आधी लिहून समालोचकाकडे दिलेली असावी. मी वापरतो तो मजकूर असा: “प्रेक्षकांच्या एका भागातून खेळाडूच्या जातीवरून, धर्मावरून, रंगावरून किंवा भाषेवरून शेरेबाजी होत असल्यामुळे रेफ्रींनी सामना थांबवला आहे. ही शेरेबाजी तत्काळ बंद करावी. ती चालू राहिल्यास सामना स्थगित होईल आणि त्यानंतरही चालू राहिल्यास रद्द होईल.” हाच मजकूर हिंदीत आणि मिरजेकडच्या सामन्यांत कानडीतही वाचावा. खेळाडूचे नाव घेऊ नये. नाव घेतले की सर्व नजरा त्याच्यावर जातात आणि सामना त्याच्यामुळे थांबला असे वातावरण तयार होते.

दुसरी पायरी: शेरेबाजी पुन्हा सुरू झाली, तर दोन्ही संघ ड्रेसिंग रूममध्ये पाठवावेत. मैदानाच्या मध्यभागी घोळक्याने उभे करू नये. किती वेळ थांबायचे हे नियमपत्रकात लिहिलेले असावे; आपल्या मैदानांवर दहा मिनिटे योग्य वाटतात. या दहा मिनिटांत तीन कामे होतात: निरीक्षक आणि बंदोबस्ताचे पोलीस त्या भागात जातात, शेरेबाजी करणाऱ्यांना बाहेर काढले जाते आणि तक्रार अधिकारी खेळाडूला भेटतो. घोषणा पुन्हा करावी.

तिसरी पायरी: त्यानंतरही तोच प्रकार घडला, तर रेफ्रीने पोलीस व स्पर्धाप्रमुखांशी सुरक्षिततेबाबत बोलून सामना रद्द करावा. प्रथम प्रेक्षकांना बाहेर जाण्याचे मार्ग मोकळे करावेत आणि मगच रद्द झाल्याची घोषणा करावी, कारण आधी घोषणा केली तर त्या खेळाडूला बाहेर पडायला वाट राहत नाही.

तिसऱ्या पायरीपर्यंत क्वचितच जावे लागते. १४ ऑक्टोबर २०१९ रोजी सोफियात बल्गेरिया आणि इंग्लंड यांच्या सामन्यात खेळ दोनदा थांबवला गेला आणि सामना पूर्ण झाला. जानेवारी २०२४ मध्ये इटलीतील उदिने येथे एसी मिलानचा गोलरक्षक माइक मेन्यां याने गोलमागून होणारी शेरेबाजी रेफ्रीला सांगितली आणि नंतर तो मैदानाबाहेर गेला. सुमारे पाच मिनिटांनी खेळ पुन्हा सुरू झाला. आपल्याकडे “सामना थांबवला तर दंगल होईल” अशी भीती आयोजक नेहमी बोलून दाखवतात. माझा अनुभव उलट आहे: घोषणा शांत आवाजात आणि लगेच झाली, तर बाजूला बसलेली माणसेच शेरेबाजांना गप्प करतात. उशीर झाला, तर दुसरी बाजू उत्तर देऊ लागते आणि मग तो भेदभावाचा विषय न राहता दोन मंडळांचे भांडण होऊन बसतो.

प्रेक्षकांमुळे थांबलेला खेळ ड्रॉप बॉलने, म्हणजे रेफ्रीने चेंडू हातातून खाली टाकून, सुरू होतो. चेंडू पेनल्टी क्षेत्रात असताना खेळ थांबला असेल तर तो बचाव करणाऱ्या संघाच्या गोलरक्षकाकडे टाकावा.

या टप्प्यावर चार चुका वारंवार होतात.

ज्याला बोलले गेले त्या खेळाडूला बदलून बाहेर बसवले जाते. हेतू संरक्षणाचा असतो, पण शेरेबाजांना हवे ते मिळते. बदली फक्त त्याने स्वतः मागितली तरच करावी.

“खेळणार का, सांग” असा प्रश्न त्याला सर्वांसमोर विचारला जातो. असा प्रश्न एकांतात, तक्रार अधिकाऱ्याने विचारावा.

रागाने मैदान सोडून निघालेल्या खेळाडूला परवानगीशिवाय बाहेर गेल्याबद्दल पिवळे कार्ड दाखवले जाते. रेफ्रीने अशा वेळी खेळ थांबवून त्याला बाहेर जाण्याची परवानगी द्यावी. म्हणजे कार्डाचा प्रश्नच उरत नाही.

आणि त्याने प्रेक्षकांकडे पाहून काही हातवारे केले, तर सारा अहवाल त्याच्या हातवाऱ्यांवरच लिहिला जातो. मे २०२३ मध्ये स्पेनमधील व्हॅलेन्सियाच्या मैदानावर रेआल माद्रिदचा खेळाडू विनिसियस ज्युनियर याच्यावर वर्णद्वेषी शेरेबाजी झाली आणि त्याच सामन्यात लाल कार्ड मिळाले ते त्यालाच. पुढे ते कार्ड मागे घ्यावे लागले. शेरेबाजी करणाऱ्या तीन प्रेक्षकांना जून २०२४ मध्ये न्यायालयाने आठ महिन्यांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. ती माणसे कोण होती हे ठरवता आले, म्हणूनच तो खटला उभा राहिला. पुढचा टप्पा त्यासाठीच आहे.

टप्पा ६: त्याच रात्री नोंद

सामना संपल्यापासून दोन तासांच्या आत नोंद पूर्ण करावी. नोंदीत सामन्याचे मिनिट, नेमकी जागा, बोलणारा, ज्याला बोलले तो, ऐकणारे आणि रेफ्रीने केलेली कारवाई एवढे यायला हवे. शब्द जसेच्या तसे लिहावेत. आपल्याला ते लिहायला संकोच वाटतो, म्हणून “जातिवाचक अपशब्द वापरले” असे लिहून मोकळे होतो. मग चौकशीत समोरचा म्हणतो की मी फक्त “पळ रे” म्हणालो. एक अक्षरही गाळू नये, फुल्या मारू नयेत. नोंद प्रत्येक साक्षीदाराकडून वेगळी, वेगळ्या खोलीत घ्यावी. चौघांनी मिळून एक निवेदन लिहिले की चारही साक्षी एकीच्या मोलाच्या होतात.

चित्रफितीबाबत एक गोष्ट जरूर सांभाळावी. ज्याने मोबाईलवर चित्रण केले, त्याच्या मोबाईलमधील मूळ फाईल तशीच राहू द्यावी आणि त्याचे नाव व फोन क्रमांक लिहून घ्यावा. व्हॉट्सअॅपवरून पुढे गेलेली फीत आकाराने लहान (कॉम्प्रेस) केली जाते, तिच्या मूळ वेळेची माहिती निघून जाते आणि आवाजही खराब होतो. इलेक्ट्रॉनिक पुरावा न्यायालयात देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते, त्यामुळे मूळ उपकरण कोणाकडे आहे हे माहीत असणे आवश्यक ठरते.

तपासा: रेफ्रीच्या अहवालात “सामना शांततेत पार पडला” हे वाक्य छापील स्वरूपात आधीच आहे का? असल्यास तो नमुना बदलावा. त्या जागी “भेदभावाची घटना: होय / नाही, होय असल्यास तपशील” अशी ओळ छापावी, म्हणजे प्रत्येक रेफ्रीला स्वतःच्या हाताने उत्तर लिहावे लागेल.

टप्पा ७: कायद्याकडे जाणाऱ्या तक्रारी वेगळ्या काढणे

काही तक्रारी स्पर्धा समितीच्या अधिकारात मिटूच शकत नाहीत. त्या ओळखणे हे तक्रार अधिकाऱ्याचे त्या रात्रीचे शेवटचे काम असते.

अनुसूचित जाती किंवा जमातीच्या व्यक्तीला, त्या प्रवर्गांत नसलेल्या व्यक्तीने, लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी जातीच्या नावाने शिवीगाळ केली किंवा हेतुपुरस्सर अपमान केला, तर तो १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील गुन्हा आहे. प्रेक्षकांनी भरलेले मैदान असे ठिकाण ठरू शकते. गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी आवश्यक नाही असे कलम १८अ मध्ये म्हटले आहे आणि तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे असतो. मदतीसाठी १४५६६ हा राष्ट्रीय हेल्पलाईन क्रमांक आहे. तक्रार करायची की नाही हा निर्णय त्या खेळाडूचा. आयोजकांनी त्याला ठाण्यापर्यंत सोबत द्यावी, नोंदीची प्रत द्यावी आणि सल्ला मागितल्याशिवाय देऊ नये. “तुझ्या करिअरचं बघ” हे काळजीने उच्चारलेले वाक्यसुद्धा दबाव ठरते.

स्त्री खेळाडूचा, पंचाचा किंवा स्वयंसेविकेचा लैंगिक छळ झाला असेल, तर तक्रार अंतर्गत अथवा स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावी लागते. अश्लील शेरे आणि हातवारे यांसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ७९ आहे. अठरा वर्षांखालील मुला-मुलींवरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. येथे पालकांच्या संमतीची वाट पाहता येत नाही. मुलांसाठी १०९८, तातडीच्या मदतीसाठी ११२.

टप्पा ८: सुनावणी आणि निर्णय

पोलिसांत तक्रार गेली तरी स्पर्धा समितीची चौकशी थांबत नाही, कारण खेळण्याची बंदी हा समितीचाच विषय आहे. संबंधित संघाचा पुढचा सामना होण्यापूर्वी सुनावणी घ्यावी. तीन सदस्य पुरे. त्यांपैकी कोणीही दोन्ही संघांच्या गावचा किंवा मंडळाचा नसावा. ज्याच्यावर आरोप आहे त्याला आरोप लेखी द्यावा, उत्तर द्यायला वेळ द्यावा आणि त्याचे म्हणणे तेवढ्याच लक्षपूर्वक ऐकावे. दोघांना समोरासमोर बसवण्याची सक्ती करू नये.

सुनावणीत हमखास येणारे तीन बचाव असतात. “आम्ही मित्र आहोत, एकमेकांना असेच बोलतो” हा पहिला. त्यावर मित्राला वेगळे बोलावून विचारावे. “तोही मला बोलला” हा दुसरा. त्याची स्वतंत्र तक्रार नोंदवावी, पहिली रद्द करू नये. “शिवी होती, पण जातीची नव्हती” हा तिसरा, आणि तिथे टप्पा ६ मधील जसेच्या तसे लिहिलेले शब्द उपयोगी पडतात.

निर्णय कारणांसह लेखी द्यावा, अपिलाची मुदत त्यात लिहावी आणि प्रत जिल्हा फुटबॉल संघटनेला पाठवावी, नाहीतर बंदी घातलेला खेळाडू पंधरा दिवसांनी शेजारच्या तालुक्यात खेळताना दिसतो. बंदी सोशल मीडियावर जाहीर करायची असेल, तर ज्याला बोलले गेले त्याचे नाव त्यात घालू नये.

समेटाला माझा विरोध नाही. अनेकदा बोलणारा पोरगा अठरा-एकोणीस वर्षांचा असतो, घरात-गल्लीत ऐकलेलेच बोललेला असतो आणि मनापासून माफी मागायला तयार असतो. ती माफी जरूर घडू द्यावी. पण निर्णय झाल्यानंतर, समोरच्याची इच्छा असेल तरच, आणि फोटोसाठी कोणालाही न बोलावता. निर्णयाआधी मिळवलेले हात शिक्षा माफ करून घेण्यासाठी मिळवलेले असतात आणि नकार देणारा खेळाडू उगाच हट्टी ठरतो.

टप्पा ९: पुढचा सामना

त्या खेळाडूच्या पुढच्या सामन्याच्या आदल्या दिवशी तक्रार अधिकाऱ्याने त्याला फोन करावा. कोणत्या फाटकाने यायचे, वाहन कुठे लावायचे, काही झाले तर कोणाला खूण करायची, हे पुन्हा सांगावे. संघाने त्याला अचानक राखीव खेळाडूंत बसवले असेल, तर व्यवस्थापकाकडून कारण लेखी मागावे. तक्रारीनंतर मानधन कापले किंवा पुढचा करार थांबवला, तर तीही सूड म्हणून वेगळी तक्रार धरावी, आणि हे कलमही नियमपत्रकात आधीच असावे.

सामना सुरू होण्यापूर्वी अर्धा तास दोन्ही गोलमागे जाऊन पाहावे की तिथे कोण बसले आहे. दोन्हीकडचे दोन-दोन निरीक्षक आपापल्या जागी उभे राहिल्याची खात्री झाल्यावरच चौथ्या पंचाने रेफ्रीला तयारी पूर्ण असल्याची खूण द्यावी. पहिल्या पंधरा मिनिटांत एकदा गोलरक्षकाकडेही नजर टाकावी: तो आपल्या जागेवर उभा आहे का, आणि त्याची पाण्याची बाटली गोलखांबाशेजारी आहे का.